बाथटब दिसला की डावीकडे

माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला सगळे वेळेवर हजर होते. फक्त नवरा मुलगा, त्याचे आईवडील आणि तीन गाड्यांमधली आमच्याकडची एकोणीस माणसं तेवढी नव्हती.

याचा दोष सगळे माझ्या वहीला देतात. मी वहीची बाजू घेत नाही, पण घडलं ते क्रमाने सांगते.

मी तळेगावात एका शाळेच्या कार्यालयात काम करते आणि घरी याद्या करते. (पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचे टोमणे.) चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्यात फार वेळ जातो म्हणून मी सायकल घेतली, एकवीस गिअरची. तेव्हापासून दर रविवारी मावळात भटकते आणि वाटेत जे काही नवलाचं दिसेल ते वहीत लिहिते. तारीख, ठिकाण, तपशील, शेरा. सुदुंबऱ्याला एका बैलगाडीला मागे ट्रकचे लाल दिवे बसवलेले पाहिले, आणि बैल वळायच्या आधी दिवा लागत होता! शेरा: उत्तम. कुरवंड्याला एका मावशींनी जुन्या डिश अँटेनात कुरडया वाळत घातल्या होत्या आणि ऊन सरकेल तशी ती छत्री फिरवत होत्या. शेरा: अति उत्तम. आमच्या गच्चीवर कुरडयांना तीन दिवस लागतात, त्यांच्या दीड दिवसात वाळतात. मी विचारून घेतलं.

खरा खजिना मात्र पवनेच्या बाजूला. ऑक्टोबरात त्या रस्त्याने गेले, तेव्हा एकाच फेरीत तीन नोंदी झाल्या. भाताच्या खाचरात एक बुजगावणं होतं, त्याच्या डोक्यावर कंपनीतलं पिवळं हेल्मेट, अंगात चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि डोळ्यांवर वेल्डिंगचा गॉगल. (आमच्या शाळेच्या शिपायापेक्षा रुबाबदार.) पुढे एका गोठ्यासमोर पांढराशुभ्र बाथटब, कुठल्यातरी बंगल्यातून आलेला, आणि त्यात तोंड घालून पाणी पिणारी म्हैस. त्याच्यापुढे वडाखाली एसटीची आख्खी सीट मांडलेली, आणि तिच्यावर खिडकीशेजारी बसल्यासारखे बाहेर बघत बसलेले एक बाबा. मी तिथे पाच मिनिटं नुसती उभी होते. टाकलेल्या वस्तूला नवी नोकरी लावून द्यायची ही हुशारी आम्हा शहरातल्या माणसांत नाही. आम्ही भंगारवाल्याला हाक मारतो.

तर साखरपुडा. माझा पुतण्या निनाद याचं लग्न लोहगडवाडीच्या रूपालीशी ठरलं. रूपाली शिक्षिका. घरची शेती आणि गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीचं हॉटेल. घरात शब्द चालतो तो तिच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा. बैठकीत सगळं गोडीगुलाबीने झालं आणि शेवटी आबा म्हणाले,

"पाव्हणं, एक सांगून ठिवतो. मागं एक तळेगावचंच स्थळ आलंवतं. अकराचं सांगून दोनला आलं. म्या दारातनंच माघारी धाडलं."

निनादचा चेहरा उतरला. रूपालीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

"आबा," मी म्हणाले, "साडेअकरा म्हणजे साडेअकरा. माझा शब्द."

"बगू," आबा म्हणाले.

अडचण एकच होती. साखरपुडा जानेवारीतल्या रविवारी, आणि रविवारी कार्ल्याच्या फाट्यापासून भाज्यापर्यंत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. म्हणून गाड्यांसाठी मी मागचा रस्ता ठरवला: कामशेत, पवनानगर, दुधिवरे खिंड, लोहगडवाडी. त्या बाजूला फोनला रेंज नसते, फाट्यांवर पाट्या नसतात. मग मी यादी केली. पिवळ्या हेल्मेटचं बुजगावणं दिसलं की उजवीकडे. बाथटब दिसला की डावीकडे. एसटीची सीट दिसली की सरळ खिंडीकडे. तीन प्रती काढल्या, प्रत्येक गाडीत एक. शेवटी लाल शाईत दोन सूचना. 'खूण दिसल्याशिवाय वळू नये.' आणि 'वाटेत कोणालाही विचारू नये, लोक प्रेमाने चुकीचा रस्ता सांगतात.'

"वहिनी, पण माणसाला विचारलेलं बरं असतं हो," सुहासभावजी म्हणाले. हे माझे धाकटे दीर, निनादचे वडील.

"गेल्या वर्षी नाणेघाटाला निघून तुम्ही कुठे पोचला होतात?"

भावजींनी यादी खिशात घातली.

मी स्वतः पहाटे सायकलवर निघाले. सायकलला कोंडी आडवी येत नाही, म्हणून कार्ला-भाजे असाच जवळचा रस्ता घेतला. शेवटचा चढ सायकल हातात धरून चढले (वहीत नोंद: 'अंशतः सायकलवर'), आणि दहाच्या ठोक्याला मांडवात हजर. रूपालीच्या खोलीत पैठणी नेसले आणि वरपक्ष म्हणून पहिल्या रांगेत एकटी बसले.

"बाकीची?" आबांनी विचारलं.

"वाटेतच आहेत. अकराला पोचतील."

अकरा वाजले. मला ताकाचा दुसरा पेला मिळाला. काय ताक होतं! दाट, आलं-मिरची वाटून लावलेलं. वाढणाऱ्या मावशी कुठून आणतात ते पाहायला मी मान वळवली, आणि पेला तोंडाशीच राहिला.

मांडवाच्या कोपऱ्यात, झेंडूच्या माळा लावलेला, काठोकाठ ताकाने भरलेला पांढराशुभ्र बाथटब होता.

"मावशी, हा टब... खालच्या गोठ्यापुढचा?"

"व्हय, आमच्या पावण्यांचाच त्यो. एवढं मोठं भांडं पंचक्रोशीत न्हाई. चिंच लावून दोनदा घासलाय बगा."

"पण यात म्हैस पाणी प्यायची ना?"

"मग? ताक बी म्हशीचंच हाय की! तिला चालतंय, तुमास्नी न चालाया काय झालं?"

मी पेला संपवला. पण टब इथे, तर आमच्या गाड्या गोठ्यापाशी कशाला बघून वळणार? मी भराभर मांडव नजरेखालून घातला. समोर, नवरानवरीच्या पाटांच्या बाजूला, मानाच्या जागी एसटीची सीट! तिच्यावर फेटा बांधून तेच वडाखालचे बाबा बसले होते. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी सरकून मला जागा केली.

माझी निम्म्याहून जास्त यादी साखरपुड्याला आली होती. वऱ्हाड तेवढं नव्हतं.

सव्वाअकरा. फोन लावला, रेंज नाही. आबा घड्याळ बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. ते जास्त वाईट. रूपालीने माझा हात धरला. "काकू, आबा एकदा 'न्हाई' म्हणाले की मागे फिरत नाहीत."

मी उठले आणि आबांना सगळं सांगून टाकलं. बाथटब, सीट, लाल शाई, सगळं.

आबांनी माझ्या वहीत ठेवलेली यादीची कच्ची प्रत हातात घेतली. लांब धरून वाचली.

"आन् पयलं ह्ये बुजगावणं. कवा बगितलंवतं तुमी?"

"ऑक्टोबरात. भातात उभं होतं."

"भात निगाल्याला दोन म्हैने झालं, ताई! पीक न्हाई तितं बुजगावणं कशाला ऱ्हाईल? त्ये आता हरभऱ्यात हाय. अलीकडच्या फाट्याला." आबांनी कागदाची घडी घातली. "म्हंजी तुमची मान्सं फाटा सोडून आलीकडंच वळली. शेतातल्या वाटंनं. फुडं रस्ता न्हाई."

बुजगावण्याला काम असेल तिथे ते जातं, ही साधी गोष्ट माझ्या वहीत नव्हती. कार्यालयात कपाटं जागची हलत नाहीत, मला तीच सवय.

"मी आणते त्यांना," मी म्हणाले आणि हेल्मेट घातलं.

"एकल्या कुटं हुडकाल? चला." आबांनी भिंतीला टेकवलेली काळी सायकल काढली. तिला दुधाच्या किटल्या अडकवायचे आकडे होते, घंटी नव्हती आणि माझ्या माहितीप्रमाणे ब्रेकही नव्हते.

"आबा, ब्रेक?"

"हायेत की," म्हणत आबांनी पायातली चप्पल दाखवली.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पंचाहत्तरीचे आबा धोतर खोचून खिंडीच्या उतारावर असे सुटले, की वळणावर फक्त टोपी दिसायची. चपलेचा खर्रर्र आवाज आला की समजायचं, पुढे वळण आहे. मागे मी, पैठणीचा काष्टा मारलेला, एकवीस गिअर, दोन डिस्क ब्रेक, आणि तोंडाने "आबा, हळू! आबा, हळू!" रस्त्याकडेला गुरं राखणाऱ्या एका बाईंनी आम्हाला पाहून हातातली काठी खाली ठेवली. त्यांच्याकडे वही असती, तर आम्ही त्या दिवशीची नोंद झालो असतो.

हरभऱ्याच्या शेताशी तीनही गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. बुजगावणं गॉगल लावून त्यांच्याकडे बघत होतं. माझे यजमान बांधावर बसून सोलाणे खात होते. जाऊबाईंच्या ओटीत हरभऱ्याचे डहाळे. सुहासभावजी गाडीच्या टपाला टेकून तिसऱ्यांदा यादी मोठ्याने वाचत होते.

शेतवाल्या मावशींनी आबांना पाहिलं आणि बांध फुटल्यासारख्या सुरू झाल्या. "आबा, कवाधरनं वरडतेय, वाट चुकलाव म्हनून! तर ह्ये म्हनत्यात, आमाला विचारायची परवानगी न्हाई!"

"आम्ही कुठे विचारलं? त्याच आपणहून सांगत होत्या," भावजी म्हणाले. "वहिनी, सूचना क्रमांक एक, खूण दिसल्याशिवाय वळू नये. बाथटब दिसला नाही, आम्ही वळलो नाही."

हे सगळं त्यांनी इतक्या आज्ञाधारकपणे सांगितलं, की मला भांडायलाही जागा उरली नाही.

"आन् नवरदेव?" आबांनी विचारलं.

तेवढ्यात समोरून निनाद पळत आला. रेशमी झब्बा घामाने अंगाला चिकटलेला, नवी मोजडी हातात, पाय शेणामातीने भरलेले.

"काकू! नऊ गोठे बघितले! एकाहीपुढे बाथटब नाही!" मग त्याला आबा दिसले आणि तो जागीच थिजला.

आबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मी मनात म्हटलं, संपलं.

"नऊ गोठं बगितलंस?"

"हो, आबा."

"म्हस कुणाची चांगली?"

निनादने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्याची यादी नव्हती.

"ती... ओढ्याच्या पलीकडे पत्र्याचा गोठा आहे ना, तिथली. शिंगं पार मागे वळलेली. मी आत डोकावलो तर हलली पण नाही."

आबा पहिल्यांदा हसले. "माज्या बहिनीची हाय ती. बारा लिटर देती." मग आमच्या सगळ्यांकडे वळले. "पोरगं बसून न्हवतं, हुडकत हुतं. आन् येळंचं म्हनाल तर शबूद ताईंनी दिलता, त्या धाच्या ठोक्याला आल्या. वरपक्ष आला म्हनायचा. ह्ये बाकीचं सामान मागनं आलं."

'बाकीचं सामान' निमूटपणे गाड्यांत बसलं. सायकली टपावर बांधल्या, आबा पहिल्या गाडीत पुढे बसले आणि आम्ही पावणेएकला मांडवात शिरलो. निनादने ओवाळून घ्यायच्या आधी आतल्या नळावर पाय धुतले, साबणाने, दोनदा. रूपालीने त्याला टॉवेल दिला. ताक सगळ्यांनी दोनदोन पेले घेतलं. भांड्याबद्दल मी कोणालाच काही सांगितलं नाही. लोक उगाच प्रश्न विचारतात.

लग्न मे महिन्यात, तिथेच झालं. या वेळी रस्त्याची यादी रूपालीने केली. मुलगी माझ्याच वळणाची आहे, सुबक अक्षर, क्रमांक घातलेले. तिने सगळ्या हलणाऱ्या खुणा काढून टाकल्या आणि एकच पक्की खूण ठेवली: 'पवनानगरच्या पुढच्या फाट्यावर निळं हेल्मेट घातलेल्या, हातात वही धरलेल्या काकू दिसतील. तिथून उजवीकडे. काकू हलणार नाहीत.'

मी सकाळी आठपासून फाट्यावर उभी राहिले. एकही गाडी चुकली नाही. दहाच्या सुमाराला पर्यटकांची एक मोटार माझ्याजवळ येऊन थांबली, काच खाली झाली आणि आतल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बघा तरी! या भागातली बुजगावणी किती हुबेहूब करतात!"

त्यांनी फोटो काढला. मी हलले नाही. यादीत तसं लिहिलं होतं.