झुल्मिरा आणि पुढचा जिना

आमच्या झुल्मिराला कुणी गरीब बिचारी म्हटलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात रेल्वे रुळांच्या मागच्या टेकाडावर आमची वस्ती. तिथल्या भाडेकरूंच्या संघटनेत मी तोंड चालवते आणि झुल्मिरा खुर्च्या मांडते. सभेत ती चकार शब्द बोलत नाही. पण घरमालकाची माणसं वीज तोडायला आली, तेव्हा मीटरच्या खोक्यापुढं स्टूल टाकून विणायला बसली ती हीच. "एवढी ओळ होऊ दे हं दादा, मग उठते," म्हणाली. अंधार पडला, माणसं कंटाळून गेली, तरी बाईची ओळ काही संपली नव्हती.

ही बाई ऐन विशीत पॅरिसला गेली आणि केस पांढरे झाल्यावर परतली. तिथं बड्या लोकांच्या एका सहा मजली इमारतीची ती राखणदारीण. दाराला लागून एक खोली. त्या खोलीत नवरा, दोन मुली, शेगडी आणि अख्ख्या इमारतीचं टपाल. आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी पॅरिसची दारं सांभाळलीत, त्यामुळे वस्तीत याचं नवल कुणालाच नाही. नवल वाटलं ते यंदाच्या वसंतात.

ओदेत साठीची झाली. ओदेत म्हणजे आमची तिसरी मैत्रीण. बाजारात मासे विकते आणि कुजबुजली तरी नदीपलीकडं ऐकू जातं. तिनं ठरवलं, तिघींनी तीन दिवस कुठंतरी उडून यायचं. झुल्मिरा म्हणाली, "पॅरिस."

"एवढा जन्म तिथं काढलास, अजून पुरलं नाही होय गं?" ओदेत ओरडली.

"मी पॅरिस कुठं बघितलंय? मी कचऱ्याचे डबे बघितलेत."

गेलो. नावेत बसलो, मनोऱ्याखाली फोटो काढले. प्रत्येक कॉफीला ओदेतनं नाव ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी खोलीवर घरून आणलेली मक्याची भाकर आणि सॉसेज खात बसलो होतो, तेव्हा झुल्मिरा एकदम म्हणाली, "उद्या विमानाआधी मला माझ्या इमारतीत न्या. मला पुढचा जिना चढायचाय."

मग तिनं सांगितलं. इमारतीला जिने दोन. पुढचा संगमरवरी, लाल गालिच्याचा, तो घरमालकांचा. मागचा अंगणातला, अरुंद, गडीमाणसांचा. रोज सकाळी लोक उठायच्या आत ही बादली घेऊन मागच्या जिन्यानं सहाव्या मजल्यावर जायची, आणि पुढचा जिना पुसत, गालिच्याच्या पितळी दांड्या घासत, गुडघ्यांवर, पाठमोरी खाली यायची.

"म्हणजे बघा, तो जिना मी रोज उतरले. चढले एकदाही नाही."

"मग चढायचं की एखाद्या दिवशी गुपचूप!" ओदेत म्हणाली.

"गुपचूप का? मी काय चोर आहे?"

तिसऱ्या दिवशी ती निळा कोट, टाचांचे बूट घालून आणि ओठांना लाली लावून निघाली. इमारत होती तशीच होती. फक्त राखणदारिणीची खोली गेली होती. तिच्या खिडकीच्या जागी भिंत. दाराला आकड्यांचं कुलूप. कुणी ओळखीचं उरलं नव्हतं. आम्ही फुटपाथवर उभ्या राहिलो, कुणी येईल म्हणून. कुणी येईना.

आणि तिथंच घोटाळा झाला. दारापुढं कचऱ्याचे हिरवे डबे उभे होते, सकाळीच रिकामे झालेले. झुल्मिराची नजर सारखी तिकडं.

"दुपार झाली तरी डबे बाहेर! शोभतं का या दाराला?"

"तुझं दार आहे का ते?" ओदेत म्हणाली. "हात लावू नकोस. लावलास तर मी तुला त्याच डब्यात घालीन."

पण बाईचे हात ते. एक डबा तिनं मुठीला धरून दाराकडं वळवलाच. नेमकी त्याच वेळी पिशवी घेतलेली एक मादाम आली, तिनं आकडे दाबले, दार धरून ठेवलं आणि म्हणाली, "आलात एकदाच्या! आत घ्या. अंगणात डावीकडं. आणि दुसऱ्या मजल्यावर नीट पुसा, मागच्या वेळी तसंच ठेवलं होतं."

फ्रेंच मला तोडकंमोडकं येतं, पण हुकूम कुठल्याही भाषेत कळतो. माझं डोकं भडकलं. "अहो बाई, कुणाशी बोलताय तुम्ही?" मी पोर्तुगीजमध्येच सुरू झाले. झुल्मिरानं माझा दंड धरला.

"आर्मिंदा, गप."

दार उघडं होतं. डबा ढकलत आत शिरणं एकदम सोपं होतं, कुणी अडवलं नसतं. पण झुल्मिरानं मूठ सोडली, डबा फुटपाथवरच ठेवला, रुमालानं हात पुसले. तिचं फ्रेंच मी पहिल्यांदाच ऐकलं. स्वच्छ, सावकाश, त्या मादामपेक्षा कणभर कमी नाही.

"तुमची गफलत झाली, मादाम. मी कामाला नाही आले. पूर्वी मी इथली राखणदारीण होते. आज पाहुणी आहे."

"कुणाकडं आलात?"

"जिन्याकडं."

मादाम गोंधळली. मग तिला वाटलं आपण फार मोठं मन दाखवतोय. "तुम्हाला वर जायचंच असेल तर मागून जा ना. पुढचा गालिचा नवा आहे."

"मागचा माझा चढून झालाय," झुल्मिरा म्हणाली. "तुमची हरकत असेल तर तसं तोंडावर सांगा. मी इथूनच परत जाईन. पण गेले तर पुढूनच."

मादामनं तिघींकडं पाहिलं, निळ्या कोटाकडं पाहिलं. हरकत तोंडावर सांगायची म्हणजे काय, ते बहुधा तिला त्या क्षणी उमगलं. ती दार धरून बाजूला झाली.

"या, मादाम."

झुल्मिरा चढायला लागली. एक हात कठड्यावर, पाठ ताठ, टाचा गालिच्यात रुतवत, पायरीच्या अगदी मधून. पितळी दांड्यांकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिच्या मागं मी, माझ्या मागं धापा टाकणारी ओदेत, आणि सगळ्यांत शेवटी आपल्या पिशवीसकट मादाम. तिला दुसऱ्या मजल्यावरच जायचं होतं, पण पुढं निघून जायचा धीर तिला झाला नाही.

"अगं, जरा हळू," ओदेत खालून म्हणाली. "माझे गुडघे गेले."

"माझे केव्हाच गेलेत," झुल्मिरा वळूनही न बघता म्हणाली. "चल, अजून चार मजले आहेत."