तोरण आणि कंपनीचं दार

इथे परदेशात, गिरावीनला आमची मराठी शाळा रविवारी एका सरकारी शाळेच्या वर्गात भरते. सरकारी म्हणायची इतकंच. इमारत एका खासगी कंपनीने बांधली, आणि कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत सांभाळायचीही तिनेच. कंपनीतर्फे ती सांभाळतो एक नाशिकचा गडी. इथे शिकायला आला, पीआर मिळवून कायमचा राहिला आणि भिंतींच्या प्रेमात पडला.

कोणी जरा टेकलं की आलाच. "ताई, सरळ उभ्या राहा ना. रंग कंपनीचा आहे." खुर्ची ओढली तर असा कळवळतो, जणू त्याचीच पाठ खरवडली. मुलांची चित्रं कुठे लावू विचारलं, तर म्हणाला, "मुलांच्या हातातच छान दिसतात."

पाडव्याला मी झेंडूचं तोरण घेऊन गेले. खिळा नाही, हुक नाही, साधी चिकटपट्टीसुद्धा लावू देईना!

"अरे, सणाला दार ओकंबोकं ठेवायचं?" मी भडकलेच.

"दार कंपनीचं आहे, ताई." पण या वेळी आवाज पडला होता.

त्याने तोरण माझ्या हातातून घेतलं. मग त्याची दोन टोकं दोन मुठींत धरून, हात वर पसरून, चौकटीला न टेकता दारात उभा राहिला. मुलं त्याच्या काखेखालून आत शिरली. मध्येच त्याचं नाक खाजलं, ते मी खाजवून दिलं.

एका चिमुरडीने मान वर करून विचारलं, "अंकल, आर यू पार्ट ऑफ द बिल्डिंग?"

हात तसूभरही खाली न आणता तो म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत, बाळा."