चिमूटभर सोबत

"माती कुठंय ही, साहेब? सोबत आहे."

तपासनीसानं टेबलावरची कागदाची पुडी चिमटीनं उलगडली. आत काळीभोर चिमूटभर माती.

"सोबत?"

"रोप परक्या घरी चाललंय. ओळखीचं काहीतरी नको का बरोबर?"

ही रोपवाली आत्या. वयानं मोठे लोकही तिला आत्याच म्हणतात. घरामागच्या जाळीखाली रोपं वाढवायची आणि टपालानं पाठवायची हा तिचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक सीमेपलीकडचं. जवळचे लोक बाजारातूनच घेतात. सीमेपलीकडं माती पाठवायची नाही, हा नियम तिला तोंडपाठ. मुळं अशी धुते की, तिची जाऊ म्हणते, दिरांच्या शर्टाच्या नशिबी असं धुणं कधी आलं नाही. एवढं सगळं करून ही बया शेवटी खोक्यात मातीची पुडी सारायची.

गुलाबांच्या खोक्यात तशी पुडी सापडली नि माल परत आला. त्याच्यामागोमाग परदेशी जाणारी रोपं तपासणारा हा तपासनीस आला. पुन्हा कण जरी दिसला तरी परवाना बंद, असं त्यानं चहा घेता घेता शांतपणे सांगितलं.

आत्या कसली ऐकते. साहेबांनी बायकोला माहेरून आणलं तेव्हा तिची पिशवी उचकली होती का, असं तिनं विचारलं. पिशवीत अळ्या नव्हत्या, तो म्हणाला.

"मेहुणे असतील," खोक्यांना टेप लावता लावता जाऊ बोलली. तपासनीसाला चहाचा ठसका लागला.

मग वाद न घालता त्यानं बशीत पाणी मागितलं. पुडी त्यात झटकली आणि भिंग आत्याच्या हातात दिलं. पाण्यात केसाएवढं काहीतरी वळवळत होतं.

"हे माझ्याकडचं?"

"तुमच्याच जाळीखालचं. इथं त्याला खाणारे आहेत. तिकडं नसतील."

आत्या बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. पलीकडचे एक म्हातारे मास्तर तिचे जुने गिऱ्हाईक. नवं पान फुटलं की बारसं असल्यासारखा फोन करतात. त्यांच्या अंगणात आपण काय काय पाठवलं असेल, या विचारानं तिचं तोंड उतरलं. मास्तरांचा पत्ता तिनं स्वतःहून तपासनीसाला सांगितला, तिकडच्या तपासनीसाला बघायला सांगा म्हणाली.

तो गेल्यावर जाऊनं दाराशी रचलेल्या खोक्यांकडं बोट केलं. टपालाची गाडी यायची वेळ झाली होती.

"यातपण घातल्यात?"

"सगळ्यात."

जाऊनं कपाळावर हात मारला. "मग आता सोबत काय द्यायची?"

"ओलं शेवाळ. बाकीचं मी रोपांना तोंडानं सांगेन, बोलायला परवाना लागत नाही. कात्री आण."

आणि पहिल्या खोक्याचा टेप तिनं नखानंच ओरबाडायला घेतला.