चव्हाणांच्या बॉयलरआड

माझ्या गाढवपणाचे किस्से मी चहाबरोबर फुकट वाटतो. हा एक मात्र आजवर कुणाला सांगितलेला नाही. मंदालासुद्धा नाही, आणि बायकोला ठाऊक नसलेलं माझ्याकडे दुसरं काही शिल्लक नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण — नको, कारण शोधायला लागलो की मी लगेच स्वतःच्या बाजूने बोलायला लागतो.

डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागात आमचं घर. मागची भिंत कापड रंगवणाऱ्या एका छोट्या कंपनीला लागून. निवृत्त झालो आणि घरच्या घरी अ‍ॅल्युमिनियम वितळवायचं खूळ डोक्यात शिरलं. रंगाचा रिकामा पिंप घेतला, आतून भट्टीच्या मातीचं अस्तर दिलं. खालून एक पाइप. त्यात गॅरेजमधून आणलेलं जळकं इंजिन ऑइल थेंबथेंब सोडायचं आणि मागून व्हॅक्यूम क्लीनरची हवा मारायची. पहिल्यांदा अस्तर ओलं असतानाच भट्टी पेटवली. फाट्कन फुटलं, आणि एक ढेकूळ उडून थेट मंदाच्या सांडग्यांत पडलं. हा किस्सा मी कॉलनीभर सांगितला — ‘भट्टी मेली, माझा नाद सुटला’ असा शेवट करून. लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त हसले चव्हाण.

चव्हाण त्या कंपनीत बॉयलरवर होते. मूळचे चिपळूणकडचे. नाक्यावरच्या टपरीवर आमचा रोजचा चहा. ‘साहेब, आता सांडगेच तळा, आग आम्ही बघतो,’ म्हणायचे.

भट्टी मी पुन्हा बांधली, कंपनीच्या भिंतीला चिकटून. हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता जळकं तेल म्हणजे — चांगलं तापेपर्यंत काळाकुट्ट धूर ओकतं. काजळी आख्ख्या कॉलनीच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांवर बसायची. मग मी काय केलं? बंद केली? छे! डोकं चालवलं. दुपारी कंपनीचा बॉयलर पेटला, चिमणीतून वाफारा दिसायला लागला, की मंदा आत झोपलेली बघून मी इकडे काडी लावायचो. आमच्याकडे नाकाला काही झोंबलं की माणूस आधी कंपनीला शिवी देतो, मग खिडकी लावतो. त्या सवयीच्या आडोशाला मी माझी भट्टी थाटली. आणि हो, पेटवायच्या आधी आमचे कपडे मी आत घेत असे. ‘बाई गं, हल्ली कामाला लागलेत,’ मंदा कौतुकाने म्हणायची.

एवढ्यावर थांबलो असतो, तर हा नेहमीसारखा किस्सा झाला असता. पण मी सोसायटीचा सेक्रेटरी. लोक माझ्याकडेच तक्रार घेऊन आले. शेजारच्या कुलकर्णी वहिनी मिस्टरांचा पांढरा शर्ट नाचवत म्हणाल्या, ‘याचं तेरावं घालू का आता?’ मीटिंग बोलावली. कंपनीचा मॅनेजर चव्हाणांना घेऊन आला.

चव्हाण उभे राहिले. ‘माझ्या चिमणीतून काळा धूर निघत नाही हो. मी रोज खाली उतरून बघतो.’ मग माझ्याकडे वळले. ‘साहेबांचं घर भिंतीलाच आहे. त्यांना विचारा.’

का विचारलंत हो, चव्हाण? गप्प राहता आलं असतं मला. गप्प राहणं मला चांगलं जमतं — बँकेत जन्म गेला. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या हातांना कोपरापर्यंत काजळीचा वास येत होता. मी म्हणालो, ‘मी स्वतः पाहिलाय. चिमणीतूनच.’

त्यांना काढलं. त्यानंतर मी भट्टी पेटवली नाही, म्हणून धूरही थांबला. चव्हाण गेले आणि धूर थांबला — याहून मोठा पुरावा कॉलनीला कशाला हवा होता? जिलबी वाटली हो आम्ही. मी दोन वेळा घेतली.

पुढे ते कळव्याला एका इमारतीवर वॉचमन लागले. एकदा फोन आला. घाबरलेला आवाज. ‘साहेब, तो धूर तुम्ही पाहिलात, कॉलनीने पाहिला, मला एकट्यालाच कसा दिसला नाही? माझ्या डोळ्यांतच काहीतरी आहे. आता गेटवर बसतो — इथेही काही सुटलं तर?’

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. शेजारी बसलो. पाण्याची बाटली धरली. डॉक्टरांनी तपासलं आणि हसून म्हणाले, ‘काका, नजर एकदम ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा चांगली.’

जिन्यात चव्हाण थबकले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. कठड्याला धरून हळूच म्हणाले, ‘म्हणजे साहेब — मी बरोबर बघत होतो?’

तेवढंच तर हवं होतं त्यांना. एक ‘हो’. जिन्यात तिसरं कुणी नव्हतं. नोकरी परत मागत नव्हते, धूर कुणाचा होता हेही विचारत नव्हते.

मी म्हणालो, ‘एका डॉक्टरवर विसंबू नये. दुसऱ्याला दाखवू या.’

दुसऱ्याने कसलातरी बारीकसा नंबर काढून दिला. चव्हाणांना आता चष्मा आहे. मध्ये कळव्याला भेटले, तेव्हा गेटसमोर रिक्षा थांबली होती. त्यांनी आधी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग मला विचारलं, ‘रिक्षाच आहे ना, साहेब?’