उघडी टोकं

लेन ट्रेगेन्झाच्या पोटात दुखायला लागलं ते रुटा काल्निन्या आमच्या प्रयोगशाळेत आल्यापासून. ॲडलेडच्या उत्तरेला, सॉल्सबरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी ड्रॉइंग काढायची. लेनचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे त्याचा सगळा जळफळाट मलाच ऐकावा लागे.

लेन हा आमचा तारांचा माणूस. रडारच्या बोर्डावर तांब्याच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी धावल्या, की एकीतला सिग्नल थोडा दुसरीला ऐकू जातोच. किती जातो ते लेन बेरीज-वजाबाकी करून कागदावर सांगायचा आणि ते खरं निघायचं. पण पट्ट्या सहा झाल्या की प्रत्येकीचे प्रत्येकीशी लागेबांधे. तिथे लेनचा कागद पुरेना. रुटा ते सगळं आकड्यांच्या एका चौकटीत मांडून एका दमात सोडवायची. म्हणून सहा पट्ट्यांच्या फिल्टरचं, म्हणजे नको ते सिग्नल गाळणाऱ्या बोर्डाचं, काम आमच्या साहेबाने, मर्व्हने, तिलाच दिलं.

"कालची पोरगी!" लेन खिमा भरलेल्या पॅस्टीचा लचका तोडत म्हणाला. "बोर्डाखालचा अर्थिंगचा पत्रा हिशेबात धरलाय का, विचार तिला."

"तूच बघ की तिचे कागद. नाहीतरी चोरून बघतोसच."

"बघितले. धरलाय," तो म्हणाला आणि पॅस्टी तशीच टाकून उठला.

बोर्ड तयार झाला. मर्व्हला दम कुठला? त्याने स्वतःच मोजायला घेतला, तर शेवटच्या पट्टीत नको तेवढा सिग्नल. लेनला आनंदाचं भरतं आलं. जन्मात कधी कुणाला चहा न देणाऱ्या त्या माणसाने सगळ्यांचे मग भरले.

"म्हणजे गणितच चुकलं," मर्व्ह म्हणाला. "लेन, हे काम आता तू घे."

हवं होतं ते हातात आलं होतं. पण लेनची नजर बोर्डावर गेली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गणित कशाला चुकतंय? पट्ट्यांची टोकं बघ! सगळी उघडी! सिग्नल तिथे आपटून उलटा येतोय. टोप्या लाव आधी, त्या गिळतील त्याला."

"टोप्या संपल्यात ना?" मर्व्हने विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तूच," रुटा म्हणाली. "सोमवारी मागितल्या तेव्हा."

लेनचे कान लाल झाले. त्याने खिशातून किल्ली काढली, खण उघडला आणि त्या पितळी टोप्या स्वतःच एकेक करून टोकांवर पिळल्या. मीटरचा काटा खाली आला, अगदी रुटाने कागदावर लिहिला होता तिथवर. काम तिच्याकडेच राहिलं.

लेन माझ्या शेजारी येऊन बसला, नजर त्या काट्यावरच.

"एक तरी चूक करायची होती मेलीने," तो म्हणाला. "माझ्यासाठी."