वसंत गुरुजींचा डावा हात

गावातल्या फ्लेक्सवर आज वसंत गुरुजींचा अपमान छापलाय. चार रंगांत.

"सर्वज्ञ गुरुजी आपल्यातून गेले." खाली सात पुढाऱ्यांचे हसरे फोटो.

सर्वज्ञ!

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. चिखली तालुक्यातलं आमचं गाव, मी सहावीत. गुरुजी शास्त्र शिकवायचे.

माझ्या पाटीवर कवडसा पडला की म्हणायचे, "सुमे, हा उजेड सूर्यावरून निघाला तवा तू चिंचेसाठी भांडून राह्यली होती. आठ मिनिटं लागतात त्याले इथं याले."

शाळेच्या तपासणीला शिक्षणखात्याचे डिप्टीसाहेब येत. त्या दिवसासाठी हेडमास्तरांचा नियम ठरलेला. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. हेडमास्तर उजव्या हातवाल्यालाच उठवणार. साहेब खूश, शेरा उत्तम.

त्या वर्षी साहेबांनी फळ्यावरचे तारे पाहिले आणि विचारलं, "विश्वाला शेवट आहे का?"

सगळे हात वर.

सगळे डावे.

साहेब गुरुजींकडे वळले. "तुम्हीच सांगा."

गुरुजींनीही हात वर केला. डावा.

"हे काय?"

"मले माहीत नाही, साहेब. आमच्या शाळेत माहीत नसलं की डावा करतात."

आम्ही हसलो. हेडमास्तरांचं तोंड पाहून हात खाली घेतले.

पुढचं मला नंतर गुरुजींनीच सांगितलं. संध्याकाळी हेडमास्तरांनी कागद पुढे केला. "विश्वाले शेवट नाही, माझी चूक झाली, एवढं लिहा. काऊन हट्ट करता?"

"तुमाले पक्कं माहीत हाय?"

"मले काय करायचं हाय त्याचं?"

"मंग मी काऊन लिहू?"

गुरुजींची देऊळगाव राजाला ट्रान्सफर झाली. तिथं चित्रकला आणि कवायत. शास्त्र पुन्हा कधीच मिळालं नाही, रिटायर होईपर्यंत.

गावातलं कुणी त्यांच्या बाजूनं उभं राहिलं नाही. "येडा मास्तर" एवढंच म्हणाले.

आज त्याच गावकऱ्यांची मुलं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडून राह्यली. "गुरुजींना सगळं माहीत होतं."

उजेडाला आठ मिनिटं लागतात. या लोकांच्या आदराला साठ वर्षं लागली, आणि पोचला तोही भलत्याच माणसाच्या नावानं.

मी चाळीस वर्षं बातम्या लिहिल्या. "मला माहीत नाही" म्हणणारा एक पुढारी, एक अधिकारी, एक महाराज भेटला नाही.

संध्याकाळी शोकसभा आहे. अध्यक्ष विचारणारच, "गुरुजी आता कुठं असतील?" आणि उत्तरही स्वतःच देणार.

मी पहिल्या रांगेत असेन. डावा हात वर करून.

येते, गुरुजी. नमस्कार.