बाईंची दोन बोटं आणि करगा

उपटण्यासारखं काही दिसलं आणि आमच्या घरमालकीणबाईंचे हात स्वस्थ राहिले, असं साठीच्या दशकातल्या अवघ्या बोरिवलीत कुणी सांगून दाखवावं! सदऱ्याचं लोंबतं बटण, भिंतीतला वाकडा खिळा, पोराचा हलणारा दात; बोलता बोलता बाईंची दोन बोटं पुढे यायची आणि काम फत्ते! एकदा चर्चमध्ये लग्न चालू असताना पुढच्या बाकावर बसलेल्या नवरदेवाच्या बापाच्या मानेवरचा पांढरा केस त्यांनी उपटला. तो केवढ्याने ओरडला, तर बाई म्हणाल्या, "देवासमोर नीट दिसायला नको?"

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत एकदा गटांगळी खाल्ली होती. उत्क्रांतीपाशी माझं घोडं पेंड खायचं. गरज पडली की प्राणी स्वतःला बदलतो, असं मी ठणकावून सांगितलं होतं आणि परीक्षकांनी हात जोडले होते. पुन्हा नापास झालो असतो तर वडील मला गावी नेऊन दुकानात बसवणार होते. पाठांतर जोरात होतं, पण डोक्यात उजेड पडेल तर शपथ.

त्या श्रावणात बाईंनी मला पुस्तकावरून उठवलं आणि थेट आपल्या भातखाचरात नेऊन उभं केलं. "बसून बसून मुळं फुटतील तुला. चल निंदायला." मी मन लावून तण उपटलं. तासाभराने बाई बघायला आल्या आणि कपाळावर हात मारून बांधावर बसल्या.

"अरे मेल्या, भात उपटलंस आणि करगा ठेवलास!"

करगा म्हणजे रानभात. पात तीच, रंग तोच. दाणा मात्र कापणीआधीच मातीत गाळून मोकळा होतो. मी चिडून विचारलं, "त्याला भातासारखं दिसायला शिकवलं कुणी?"

"शिकवतो कोण? आमीच केला तसा. वेगळा दिसला तो उपटला. भातासारखा दिसला तो हातून सुटला, त्याचंच बी पडलं, पुढच्या साली तोच उगवला. माज्या सासूच्या सासूपासून हेच चाललंय. करग्याला काय ठाऊक, तो कसा दिसतो ते!"

मी चिखलातच उडी मारली. एकही रोप स्वतःला बदलत नव्हतं! कुणाचं बी उरायचं ते ठरत होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ठरवत होती बाईंच्या घरातली बोटं.

परीक्षकांना मी हेच सांगितलं. चष्मा काढून ते म्हणाले, "कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"आमच्या घरमालकीणबाईंच्या शेतात, सर."

निकालाच्या दिवशी बाईंनी मैद्याचे तळलेले गोड फुगे दारोदार वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमी दोघं पास झालो!" मला त्यात खोटं काहीच वाटलं नाही.

पुढे मी कॉलेजात शिकवू लागलो. सत्तरीच्या दशकात खाचरावर इमारत उठली, तेव्हा बाईंना भेटायला गेलो. अंगणात फरशी होती आणि बाईंचे हात मांडीवर पडून होते.

"भात गेलं रे," त्या म्हणाल्या. "आता करग्याने दिसायचं तरी कुणासारखं?"

मला फार वाईट वाटलं. मी हळूच सदऱ्याच्या बटणाचा दोरा सैल केला आणि त्यांच्यापुढे जाऊन बसलो.